घुमट शाबूत, बोगदे बुजले

उत्तर फ्रान्समधल्या विझेर्न गावाजवळ खडूच्या दगडाची एक खाण होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तिच्या टेकडीवर काँक्रीटचा अवाढव्य घुमट ओतला. व्यास ७१ मीटर, जाडी पाच मीटर, वजन ५५ हजार टन. त्याच्या खाली टेकडी पोखरून व्ही-२ क्षेपणास्त्रे जोडायची आणि तिथूनच इंग्लंडवर डागायची, असा बेत होता. साध्या बॉम्बना या घुमटाने दाद दिली नाही.

१७ जुलै १९४४ रोजी ब्रिटिश विमानांनी तिथे ‘टॉलबॉय’ बॉम्ब टाकले. घुमटाला भोक पडले नाही. पण शेजारची टेकडी खचली, बोगद्यांची तोंडे बुजली, घुमटाखालची जमीन हलली. काही दिवसांत काम थांबले आणि तिथून एकही व्ही-२ कधी उडाले नाही. घुमट मात्र आजही उभा आहे. १९९७ पासून तिथे संग्रहालय आहे.

मग तो तळ टिकला म्हणायचा की पडला?

टॉलबॉयमागची बार्न्स वॉलिस या ब्रिटिश अभियंत्याची कल्पना आपल्याकडे विहीर खोदणाऱ्या माणसाला चटकन पटेल. कातळ लागला की त्यावर नुसती दारू ठेवून कोणी उडवत नाही, कारण बरेचसे बळ हवेतच जाते. आधी खडकात भोक पाडतात, त्यात दारू ठासतात आणि मग सुरुंग उडवतात. वॉलिसचा बॉम्ब हे भोक स्वतःच पाडायचा. ५,४०० किलो वजन, टोकदार नाक आणि जाड पोलादी कवच यांच्या जोरावर तो जमिनीत खोल शिरायचा आणि थोडा थांबून फुटायचा. वायूला बाहेर पडायला वाट नसल्याने धक्का थेट माती-खडकात उतरायचा आणि वरचे बांधकाम पायाखालची जमीन सरकल्याने ढासळायचे. ‘भूकंप बॉम्ब’ हे नाव त्याला त्यामुळेच मिळाले. वॉलिसचेच दहा टनी ‘ग्रँड स्लॅम’ बॉम्ब मार्च १९४५ मध्ये ब्रेमेनजवळच्या पाणबुडी कारखान्यावर पडले. कारखान्याच्या साडेचार मीटर जाड छताला दोन भगदाडे पडली.

बॉम्ब किती खोल शिरेल, हे त्याचा वेग, नाकाचा आकार आणि समोरचा खडक यांच्याइतकेच आणखी एका गोष्टीवर ठरते. ती म्हणजे त्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळामागचे वजन. म्हणूनच असे बॉम्ब लांब, सडपातळ आणि जड असतात. १९९१च्या आखाती युद्धात इराकी भूमिगत ठाण्यांसाठी अमेरिकेला घाईने असा बॉम्ब हवा होता. तेव्हा जुन्या हॉवित्झर तोफांच्या नळ्या कापून त्यात स्फोटक भरले गेले आणि काही आठवड्यांत जीबीयू-२८ तयार झाला.

आजचा सर्वांत वजनदार भेदक बॉम्ब म्हणजे अमेरिकेचा जीबीयू-५७. वजन सुमारे १३,६०० किलो, लांबी सहा मीटरहून जास्त, व्यास जेमतेम ८० सेंटिमीटर. हिशेब केला तर तोंडाच्या दर चौरस मीटरमागे २७ टन भरतात. नेहमीच्या ९०० किलोच्या बॉम्बच्या हे जवळपास पाचपट आहे. यातले स्फोटक एक पंचमांशाहूनही कमी, बाकी बहुतेक पोलादच. तो ६० मीटरपर्यंत शिरतो असे सांगितले जाते, पण हा आकडा सगळ्या जमिनींना लागू नाही. कठीण खडकात किंवा पोलादी तंतू मिसळलेल्या काँक्रीटमध्ये खोली झपाट्याने घटते. वेग वाढवूनही एका मर्यादेपलीकडे उपयोग नसतो. सेकंदाला एक किलोमीटरच्या आसपास पोलादी नाकच झिजू आणि वाकू लागते.

इराणमधल्या कोम शहराजवळचा फोर्दो अणुप्रकल्प डोंगराखाली ८० ते ९० मीटर खोल असल्याचा अंदाज होता. म्हणजे एका बॉम्बच्या आवाक्याबाहेर. २२ जून २०२५ रोजी अमेरिकेने तिथे असे १२ बॉम्ब टाकले, पण डोंगरावर सरसकट नव्हे. हवा खेळवण्यासाठी ठेवलेल्या दोन उभ्या विवरांवर प्रत्येकी सहा. अमेरिकी लष्कराने दिलेल्या माहितीनुसार पहिल्या बॉम्बने विवरावरचे काँक्रीटचे झाकण उडवले आणि पुढचे सेकंदाला ३०० मीटरहून जास्त वेगाने त्याच वाटेने आत गेले.

जमिनीखाली माणसे आणि यंत्रे ठेवायची तर हवा, वीज आणि ये-जा करायला रस्ता लागतोच. यातली प्रत्येक वाट खडकाला पाडलेले एक भोक असते. शिवाय धक्का खडकातूनही आत पोहोचतो. युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रे मिनिटाला पन्नास हजारांहून जास्त फेरे घेतात आणि त्यांना कंपन सोसत नाही. छत न पडताही ती निकामी होऊ शकतात.

हादऱ्यावर उपाय आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या शायेन डोंगरात, ग्रॅनाइटच्या पोटात, १९६०च्या दशकात लष्करी नियंत्रण केंद्र बांधले गेले. तिथल्या १५ इमारती हजाराहून अधिक पोलादी स्प्रिंगांवर उभ्या आहेत आणि प्रवेशाची दारे प्रत्येकी सुमारे २५ टनांची आहेत.

दुसरा उपाय आणखी खोल जाण्याचा. २०२० मध्ये इराणच्याच नतान्झ अणुप्रकल्पात स्फोट झाला. त्यानंतर इराणने जवळच्याच डोंगराच्या पोटात नवे दालन खोदण्याची घोषणा केली. उपग्रहचित्रांतला मातीचा ढिगारा मोजून २०२३ मध्ये तज्ज्ञांनी या दालनाची खोली ८० ते १०० मीटर असावी असा अंदाज बांधला. त्याच चित्रांत डोंगराच्या कुशीत बोगद्यांची तोंडेही स्पष्ट दिसत होती.