डॉक्टरबाईंसाठी शब्द

फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही. शंभर विद्यार्थिनींत एक विद्यार्थी आला, की साऱ्यांना पुल्लिंग लागते. मराठीत ‘मुले आली’ म्हणून आपण सुटतो; तिथे ती सोय नाही. म्हणून काहीजण शब्दात मधोमध बिंदू देऊन दोन्ही रूपे एकत्र लिहितात. २०१७ साली फ्रेंच अकादमीला त्यात भाषेवरचे प्राणसंकट दिसले. २०१९ मध्ये मात्र तिने व्यवसायांच्या स्त्रीलिंगी नावांना मान्यता दिली.

माझ्या व्यवसायाचा शब्द तरीही अडतो. डॉक्टर म्हणजे ‘मेद्सँ’. त्याचे स्त्रीलिंग करू जाता ‘मेद्सीन’ होते, आणि त्याचा अर्थ वैद्यकशास्त्र! म्हणून शब्द तोच ठेवून आधीचे उपपद तेवढे स्त्रीलिंगी करतात.

होमिओपॅथीचे जनक हानेमान यांच्या पत्नी मेलानी पॅरिसमध्ये रुग्ण तपासत. १८४७ साली त्यांच्यावर बेकायदा वैद्यकीचा खटला चालला. तेव्हा त्यांना परवाना नव्हता, आणि सरळ शब्दही नव्हता.