एका खोलीतले गाणे दुसऱ्या खोलीत

एक यंत्र असे आहे, की त्यात तबकडी बसत नाही, कॅसेट बसत नाही आणि त्याच्या पोटात एकही गाणे साठवलेले नसते. तरी कळ दाबली, की ते गाऊ लागते! त्याला रेडिओही म्हणता येणार नाही; कारण आपल्याला हवे तेच गाणे, हवे तेव्हा ते ऐकवते. मग हे गाणे येते कुठून?

ते येते त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीतून. तिथे एक संगणक चालू असतो. घरातली सारी गाणी त्याच्या हार्ड डिस्कवर साठवलेली असतात. संगणक गाणे पाठवतो आणि हे यंत्र ते वाजवते. २००१ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या ‘स्लिम डिव्हायसेस’ या लहानशा कंपनीने असे एक यंत्र विकायला काढले. ते तारेने जोडावे लागे. २००३ साली त्याच कंपनीने ‘स्क्वीझबॉक्स’ नावाचे यंत्र काढले. त्याला तारेवाचून, वायफायच्या लहरींनी गाणे मिळू लागले. आज हेच काम करणारी कितीतरी यंत्रे मिळतात, पण मूळ कल्पना तीच आहे.

आता खरा प्रश्न असा, की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना गाण्यातले काही कमी होते का? याचे उत्तर शोधायचे, तर आधी संगणकाच्या दृष्टीने गाणे म्हणजे काय, हे पाहायला हवे.

आवाज म्हणजे हवेची थरथर. मायक्रोफोन या थरथरीचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो. हा चढउतार ठरावीक वेळाने मोजायचा आणि प्रत्येक वेळी आलेला आकडा लिहून ठेवायचा. बस, गाणे आकड्यांत उतरले! १९८२ साली सीडी बाजारात आली. तिच्यासाठी सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी असे ठरवले होते, की एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजमाप घ्यायचे. इतक्या वेळा कशासाठी? माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. तो नीट टिपायचा, तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते.

संगणक सगळे काही शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहितो. अशा एका अंकाला बिट म्हणतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. सीडीवरचे प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे असते. शिवाय डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगळी मोजमापे. वहीत गुणाकार करून पाहा : ४४,१०० × १६ × २. उत्तर येते १४,११,२००. एवढे बिट फक्त एका सेकंदाच्या गाण्यासाठी! मिनिटाचा हिशोब केला, तर एक कोटी बाइटांहून थोडी अधिक जागा लागते.

१९९० च्या दशकात ही जागा फार मोठी वाटे. हार्ड डिस्क लहान होत्या आणि टेलिफोनच्या तारेतून येणारे इंटरनेट गोगलगायीच्या गतीने चाले. म्हणून गाणे लहान करण्याच्या युक्त्या शोधल्या गेल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली युक्ती म्हणजे एमपी-थ्री. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवर बरीच वर्षे काम केले. तिच्यामागचा विचार मोठा चतुर आहे. आगगाडीची शिट्टी वाजत असताना शेजारच्याची कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही. मग ती कुजबुज लिहून ठेवायची कशाला? मोठ्या आवाजाखाली जे दबून जाते, ते एमपी-थ्री टाकून देते. अशा रीतीने गाणे मूळच्या अकराव्या हिश्श्याएवढे होऊ शकते.

पण काय टाकावे आणि काय ठेवावे, हे ठरवणे सोपे नसते. ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचे एक गाणे चाचणीसाठी वापरले होते. त्या गाण्यात वाद्य नाही, नुसता गळा आहे. सुरुवातीच्या प्रयोगांत तो गोड आवाज अगदी बिघडून गेला आणि पद्धत पुष्कळ सुधारावी लागली. कव्वालीतल्या टाळ्याही अशाच अवघड असतात. टाळी क्षणात वाजते आणि क्षणात संपते. एमपी-थ्री मात्र थोड्या थोड्या वेळाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा एकत्र हाताळते. त्यामुळे टाळीची चूक सगळ्या तुकड्यावर पसरते आणि टाळी पडण्याच्या किंचित आधीच एक अस्पष्ट फुसफुस ऐकू येऊ शकते.

तरी एमपी-थ्रीला उगाच नावे ठेवू नयेत. चांगल्या प्रतीची एमपी-थ्री फाइल आणि मूळ सीडी यांतला फरक बहुतेकांना ओळखता येत नाही. माझा आक्षेप वेगळाच आहे. एकदा टाकून दिलेला भाग पुन्हा मिळत नाही. उद्या ती फाइल दुसऱ्या पद्धतीत बदलली, की आणखी काही भाग गळतो. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढली, की अक्षरे अधिकाधिक पुसट होत जातात, तसेच हे आहे.

म्हणून दुसरी एक पद्धत निघाली. तिला ‘लॉसलेस’, म्हणजे ‘काहीही न गमावणारी’ असे म्हणतात. या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध पद्धत ‘फ्लॅक’. जोश कोलसन या प्रोग्रामरने २००० साली तिचे काम सुरू केले आणि २००१ साली तिची पहिली पूर्ण आवृत्ती सर्वांसाठी मोफत खुली केली.

काहीही न टाकता फाइल लहान कशी होते, याचे आश्चर्य वाटते ना? हे आकडे पाहा : ५००, ५०४, ५०८, ५१३, ५१७. पहिले दोन आकडे माहीत असले, तर तिसऱ्याचा अंदाज करता येतो. ५०० नंतर ५०४ आला, म्हणजे चार वाढले. तेव्हा पुढचा ५०८ असावा. अंदाज बरोबर आला, चूक शून्य. मग ५१२ यावा, पण आला ५१३, चूक १. आता शेवटची वाढ पाच, म्हणून ५१८ यावा, पण आला ५१७. चूक वजा १. फ्लॅक असेच अंदाज करते आणि पाच आकडे लिहिण्याऐवजी पहिले दोन आकडे आणि पुढच्या चुका लिहिते. ०, १, वजा १ अशा छोट्या आकड्यांना जागा थोडी पुरते. वाजवणारे यंत्र तोच अंदाज करते, त्यात चूक मिळवते आणि मूळ आकडा जसाच्या तसा परत मिळवते. एकही बिट इकडचा तिकडे होत नाही.

गादी गुंडाळून ठेवली, तर जागा कमी लागते आणि उलगडली, की ती पहिल्यासारखी होते. गादीतला थोडा कापूस काढून टाकला, तरीही जागा कमी लागते. फ्लॅक गादी गुंडाळते, एमपी-थ्री कापूस काढते. अर्थात गुंडाळलेली गादी फार लहान होत नाही. फ्लॅकची फाइल साधारणपणे मूळ फाइलच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत असते. एकट्या गळ्याचे संथ गाणे जास्त आवळते. ढोल-ताशांच्या गजराचे कमी, कारण गजराचा अंदाज कोण करणार?

आता गाणे प्रवासाला निघते. संगणक ते सलग पाठवत नाही. त्याचे लहान लहान तुकडे करतो आणि प्रत्येकावर क्रमांक घालतो. राउटर नावाची डबी पोस्टमनप्रमाणे प्रत्येक तुकडा पत्त्यावर पोहोचवते. वाटेत एखादा तुकडा हरवला, तर वाजवणारे यंत्र तो पुन्हा मागवून घेते. म्हणून गाण्याचा एकही आकडा कमी होत नाही.

वायफायला अडथळे मात्र पुष्कळ. मध्ये जाड भिंत आली, शेजारी मायक्रोवेव्ह भट्टी सुरू झाली, की वेग घटतो. मग गाणे मध्येच थांबत कसे नाही? आपल्या छपरावरची पाण्याची टाकी आठवा. नळाला पाणी सकाळी तासभरच येते, पण टाकी भरलेली असली, की दिवसभर तोटीला धार असते. वाजवणाऱ्या यंत्रातही अशी एक टाकी असते. तिला ‘बफर’ म्हणतात. पुढच्या काही सेकंदांचे गाणे तिच्यात आधीच येऊन पडते. फ्लॅकला सेकंदाला साधारण दहा लाख बिट लागतात आणि घरातले वायफाय त्याच्या कितीतरी पट वाहून नेऊ शकते. त्यामुळे टाकी सहसा रिकामी होत नाही. या साऱ्याला इंटरनेटची गरज नसते, हे विशेष. बाहेरची तार तुटली, तरी घरातले गाणे चालू राहते. ब्लूटूथची गोष्ट निराळी : त्याची नेहमीची पद्धत गाणे पाठवताना त्यातला काही भाग टाकून देते, म्हणून फ्लॅकची मेहनत तिथे वाया जाते.

२००६ साली लॉजिटेक या कंपनीने स्लिम डिव्हायसेस विकत घेतली आणि २०१२ साली स्क्वीझबॉक्स बनवणे बंद केले. २०२४ साली या यंत्रांना इंटरनेटवरून पुरवली जाणारी सेवाही तिने थांबवली. अशा वेळी यंत्र भंगारात जायचे! पण गाणी पाठवणारा संगणकातला प्रोग्राम पहिल्यापासून सर्वांसाठी खुला होता. तो वापरणाऱ्या लोकांनीच पुढे सांभाळला. २०२४ पासून त्याला ‘लिरियन म्युझिक सर्व्हर’ असे नाव आहे आणि वीस वर्षांपूर्वीची यंत्रेही त्यावर वाजतात. फ्लॅकची संपूर्ण रचनाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केली. त्यामुळे आणखी पन्नास वर्षांनी कोणालाही ती वाचून फ्लॅक वाजवणारा नवा प्रोग्राम लिहिता येईल.

तुमच्या घरी आजोबांच्या वेळच्या कॅसेट असतील. कुणाच्या लग्नातली कव्वाली, कुणी घरीच म्हटलेली नात, आता हयात नसलेल्या कुणाचा आवाज. फीत जुनी झाली, की चिकटते आणि एके दिवशी तुटते. त्या कॅसेट संगणकावर उतरवताना फ्लॅकमध्ये उतरवाव्यात, असे मी सुचवीन. त्याने आवाज सुधारणार नाही. फितीची खरखरसुद्धा हुबेहूब उतरेल. पण खरखर पुढे कधीही कमी करता येते, टाकून दिलेला आवाज मात्र आणता येत नाही. आणि प्रत एकच ठेवू नये. हार्ड डिस्कही अचानक बंद पडते. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्य असल्यास दुसऱ्या घरी ठेवावी.