विश्लेषण : म्हाताऱ्या, आजारी कुत्र्याला घर कोण देणार?

निवाऱ्यातली पिल्ले लवकर दत्तक जातात. नऊ-दहा वर्षांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू असलेला, मागचे पाय ओढत चालणारा कुत्रा मात्र वर्षानुवर्षे त्याच पिंजऱ्यात राहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ मधील आदेशांनंतर निवाऱ्यांत कायमच्या राहणाऱ्या कुत्र्यांचा प्रश्न देशभर पुढे आला. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलांच्या जिल्ह्यांत त्याला बिबट्या, वाघ आणि उन्हाळा असे आणखी पदर आहेत. अशा कुत्र्याला घर मिळवून देताना नेमके काय पाहावे लागते?

हा प्रश्न आताच का?

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार भटक्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला पकडले तिथेच परत सोडायचे असते. म्हणजे निवारा हा थांबा असतो, मुक्काम नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी हेच तत्त्व कायम ठेवले; रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्र्यांचा तेवढा अपवाद केला. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात मात्र शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावीत, त्याच जागी परत सोडू नयेत, असे सांगण्यात आले. बसस्थानकावर किंवा फलाटावर आयुष्य काढलेली कुत्री अनेकदा वयस्कर असतात. ती निवाऱ्यात आली की बाहेर पडण्याचा एकच रस्ता उरतो, तो म्हणजे दत्तक.

कुत्रा ‘म्हातारा’ कधी?

मध्यम आकाराच्या कुत्र्याला साधारण सात-आठ वर्षांपासून वयस्कर मानतात. मोठ्या जातींत ही वेळ आधी येते, लहान जातींत उशिरा. आपली गावठी कुत्री काटक असतात. नीट सांभाळ झाला तर बारा-तेरा वर्षे सहज जगतात. म्हणजे नवव्या वर्षी दत्तक घेतलेल्या कुत्र्यापुढे तीन-चार वर्षे असू शकतात. ‘आता त्याचे किती दिवस उरलेत’ हा समज बहुतेक वेळा चुकीचा ठरतो.

त्यांना कोणते आजार असतात?

सांधेदुखी, मोतीबिंदू, बहिरेपणा, किडलेले दात, मूत्रपिंडाचा आणि हृदयाचा विकार हे म्हातारपणाचे आजार. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यांत गोचीड तापाचे जुने संक्रमण आणि जननेंद्रियावरील संसर्गजन्य गाठही आढळते. ही गाठ दिसायला भयंकर असते, पण शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधाच्या काही आठवड्यांच्या उपचाराने ती बहुतेक कुत्र्यांत बरी होते. गोचीड तापावरही औषध आहे. सांधेदुखी किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार बरा होत नाही. आहार, औषध आणि तपासणीने तो आटोक्यात ठेवता येतो. यातले काय बरे होणारे आणि काय सोबत राहणारे, हे घरी नेण्याआधी समजून घेणे महत्त्वाचे.

दत्तक घेण्यापूर्वी काय विचारावे?

रक्ताची पूर्ण तपासणी, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या, गोचीड तापाची चाचणी आणि लसीकरणाची नोंद, हे कागद मागावेत. कुत्रा रोज कोणते औषध, किती आणि कधी घेतो हे लिहून घ्यावे. तो मुलांशी, दुसऱ्या कुत्र्याशी, शेळ्या-कोंबड्यांशी कसा वागतो, हे निवाऱ्यातल्या माणसाला विचारावे. चांगली संस्था उलट प्रश्नही विचारते. घर स्वतःचे की भाड्याचे? दिवसभर घरी कोण असते? बदली झाली तर कुत्र्याचे काय? वेकोलि आणि वीज केंद्राच्या वसाहतींत बदल्या नेहमीच्या असल्याने हा शेवटचा प्रश्न चंद्रपुरात टाळण्यासारखा नाही.

उपचारांची सोय जवळ आहे का?

चंद्रपूर शहरात पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. प्यार फाउंडेशनसारख्या संस्था जखमी आणि आजारी प्राण्यांसाठी निवाराही चालवतात. गुंतागुंतीच्या तपासण्यांसाठी मात्र दीडशे किलोमीटरवरचे नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. गडचिरोलीत अंतराचा प्रश्न अधिक बिकट आहे. भामरागड किंवा सिरोंच्याहून जिल्हा मुख्यालयच दीडशे किलोमीटरहून दूर पडते आणि पावसाळ्यात पुलावर पाणी आले की रस्ता बंद होतो. मूत्रपिंडाचा रुग्ण असलेल्या कुत्र्याला अशा ठिकाणी पाठवणे त्याच्या हिताचे नाही. सांधेदुखीचा किंवा एका डोळ्याने अधू कुत्रा मात्र तिथे आनंदाने राहू शकतो. म्हणून केवळ ‘घर मिळाले’ एवढे पुरत नाही. आजार आणि घर यांची जोडी जुळावी लागते.

जंगलालगत कोणती काळजी?

पहिली बिबट्याची. कुत्रा हे बिबट्याचे सोपे भक्ष्य आहे. बहिरा, अंध किंवा लंगडा कुत्रा धोका ओळखू शकत नाही आणि पळूही शकत नाही. त्याला रात्री अंगणात किंवा ओसरीवर बांधणे म्हणजे बिबट्याला घरापर्यंत बोलावणे, आणि त्यात माणसांनाही धोका. सूर्यास्तानंतर कुत्रा बंद दाराच्या आत हवा.

दुसरी काळजी उलट दिशेची आहे. कुत्र्यांतील डिस्टेंपर हा विषाणू वाघ, सिंह आणि बिबट्यांनाही होतो. गुजरातमधील गीर जंगलात २०१८ मध्ये काही आठवड्यांत २० हून अधिक सिंह दगावले आणि त्यांतल्या काहींमध्ये हा विषाणू आढळला. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील गावांत कुत्रा न्यायचा तर रेबीजबरोबर डिस्टेंपरची लसही झालेली असावी आणि तो जंगलात मोकाट फिरू नये.

तिसरी काळजी उन्हाची. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेला कुत्रा टिनाच्या छपराखाली तग धरत नाही. कूलरची खोली, ओला गोणपाट आणि दिवसभर भरलेले पाण्याचे भांडे या त्याच्यासाठी गरजेच्या गोष्टी आहेत.

घरी आणल्यावर काय होते?

निवाऱ्यांत तीनचा ठोकताळा वापरतात. पहिले तीन दिवस कुत्रा भेदरलेला असतो, तीन आठवड्यांत घराची सवय होते आणि तीन महिन्यांत घर आपले वाटू लागते. म्हाताऱ्या कुत्र्याला थोडा अधिक वेळ द्यावा. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात. जुनी सतरंजी अंथरली तरी भागते. दिसत नसेल तर सामानाच्या जागा बदलू नयेत. दुखते म्हणून घरातली गोळी देणे मात्र जीवघेणे ठरू शकते. माणसांसाठीची आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधे कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा करतात. गिधाडांच्या मृत्यूंमुळे २००६ मध्ये ज्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, ते हेच डायक्लोफिनॅक.

कायदा काय सांगतो?

ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार भटका कुत्रा दत्तक घेण्यासाठी स्थानिक पालिकेकडे अर्ज करता येतो. तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची. पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. केवळ म्हातारा किंवा आजारी म्हणून निवाऱ्यातील कुत्र्याला मारता येत नाही. २०२३ च्या नियमांनुसार असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी असल्याचे नेमलेल्या पथकाने ठरवले तरच दयामरणाची तरतूद आहे आणि तेही वेदनारहित पद्धतीने.

कायमचे दत्तक शक्य नसेल तर?

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे २००७ पासून ‘मटव्हिल’ ही संस्था केवळ वयस्कर कुत्र्यांसाठी काम करते. अखेरच्या आजारातील कुत्रा कुटुंबाकडे राहतो, उपचारांचा खर्च संस्था उचलते, अशी पद्धत तिथे आहे. जागा आणि माया एकाची, खर्च दुसऱ्याचा, ही वाटणी आपल्याकडेही अशक्य नाही. उन्हाळ्यापुरते दोन महिने कुत्रा घरी ठेवणे, एका कुत्र्याच्या औषधांचा मासिक खर्च उचलणे किंवा त्याला नागपूरला नेण्यासाठी गाडी देणे, हेही मोठे काम आहे.

हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकारीत आई गमावलेली वन्यप्राण्यांची पिल्ले सांभाळली आणि त्यातून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. जो प्राणी जंगलात परत जाऊ शकत नाही, त्याची जबाबदारी आयुष्यभराची असते, हे या भागाने पाहिले आहे. निवाऱ्यातला म्हातारा कुत्राही आता रस्त्यावर परत जाऊ शकत नाही. त्याला एक घर मिळाले की निवाऱ्यात एक पिंजरा मोकळा होतो आणि गाडीखाली सापडलेल्या पुढच्या कुत्र्याला जागा मिळते.