संकर : मनूचा आणि बाजाराचा

‘मिश्र रक्ताची’ हा शब्दप्रयोग सौंदर्याच्या बाजारात आज प्रशस्तिपत्रासारखा वापरला जातो. मॉडेलचा बाप इकडचा आणि आई युरोपातली असली, की तिचे डोळे आणि तिच्या गालाची हाडे यांवर रकानेच्या रकाने भरतात. हाच शब्द धर्मशास्त्रात नेला की त्याचा ‘संकर’ होतो. संकर म्हणजे काय, हे ज्यांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहिले त्यांना कोशात पाहावे लागत नाही. एकच गोष्ट एका घरात भूषण आणि दुसऱ्या घरात कलंक कशी ठरते, हे समजून घेण्यासाठी लीला नायडू यांची कारकीर्द पाहण्यासारखी आहे.

लीलाबाईंचा जन्म मुंबईचा, १९४० सालचा. वडील डॉ. पट्टिपाटी रामय्या नायडू आंध्रातल्या मदनपल्लीचे, अणुभौतिकीचे शास्त्रज्ञ. पॅरिसला मेरी क्यूरी यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले. आई फ्रेंच-स्विस, पत्रकार आणि भारतविद्येच्या अभ्यासक. १९५४ साली, ऐन किशोरवयात, लीलाबाई ‘मिस इंडिया’ झाल्या. ‘व्होग’ मासिकाने जगातल्या दहा सुंदर स्त्रियांत महाराणी गायत्रीदेवींबरोबर त्यांची गणना केली. १९६० साली आलेल्या हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनुराधा’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९६३ मध्ये ‘ये रास्ते हैं प्यार के’ आणि ‘द हाउसहोल्डर’ आले. पुढे चित्रपट विरळच. १९८५ च्या ‘त्रिकाल’मध्ये श्याम बेनेगलांनी त्यांना पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्याच्या बड्या घराची मालकीण केले. २००९ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

मोजायला बसले तर काम थोडे आणि चेहऱ्याची कीर्ती मोठी. पण त्यांनी राज कपूरसारख्या निर्मात्यालाही नकार दिला होता, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. नाही म्हणण्याची ही ताकद देखणेपणातून येत नाही. ती घरातल्या विद्येतून, दोन खंडांत असलेल्या आधारातून येते. तमाशाच्या बोर्डावर उभ्या राहिलेल्या आमच्या बायांचे देखणेपण कमी नव्हते; नकाराची सोय मात्र त्यांना नव्हती.

लीलाबाई एकट्या नव्हत्या. १९४७ साली ‘मिस इंडिया’ ठरलेल्या प्रमिला म्हणजे कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घराण्यातल्या एस्थर अब्राहम. १९५२ साली विश्वसुंदरी स्पर्धेला गेलेल्या नर्तकी इंद्राणी रहमान यांची आई, रागिणीदेवी, जन्माने अमेरिकन. संविधानाने समता लिहून दिली त्याच काळात या देशाने आपला चेहरा म्हणून कोणता चेहरा पुढे केला, ते यातून दिसते. यात या स्त्रियांचा काही दोष नाही. निवडणाऱ्यांची नजर कोणी घडवली होती, हा खरा प्रश्न आहे. युरोपाशी झालेला संकर त्या नजरेला उन्नती वाटला. आणि गावातल्या गावात झालेला?

त्याचे उत्तर मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांची संतती म्हणजे चांडाळ, माणसांतला सर्वांत अधम, असे मनू सांगतो. पुढे त्याच अध्यायात या माणसाने राहावे कोठे आणि ल्यावे-नेसावे काय, तेही ठरवून दिले आहे : वस्ती गावाबाहेर, अंगावर प्रेताची वस्त्रे, दागिने लोखंडाचे. फॅशन ही चैनीची, पोट भरलेल्यांची गोष्ट आहे असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे श्लोक पुन्हा वाचावेत. कपडा ही आमच्या बाबतीत शिक्षा होती. म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर दोनच दिवसांनी बाबासाहेब स्त्रियांसमोर उभे राहिले ते लुगड्याविषयी बोलायला. अस्पृश्य म्हणून दुरून ओळखू यावे अशी नेसण आणि ते जड दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ लिहिताना त्यांनी देवदत्त भांडारकरांच्या संशोधनाचा आधार घेऊन दाखवले, की परकीय रक्त मिसळलेले नाही अशी जात या देशात जवळजवळ नाहीच. म्हणजे मिश्र सगळेच. फरक इतकाच, की काहींच्या मिश्रणाची शास्त्राने नोंद ठेवली आणि काहींची पुसून टाकली.

ही नजर केवळ आपल्याकडची नाही. डेट्रॉइटची डोन्येल लुना ही मार्च १९६६ मध्ये ब्रिटिश ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर आली, तिथे झळकलेली ती पहिली काळी स्त्री. छायाचित्रात तिने बोटे अशी धरली आहेत की चेहरा बराचसा झाकलेला आणि डोळा तेवढा दिसतो. आपण आयरिश, मेक्सिकन अशा अनेक रक्तांच्या आहोत असे ती लोकांना सांगत असे. तेवढे काळेपण तरी पातळ होईल, असा हिशेब त्यामागे असेल तर तो तिला त्या बाजारानेच शिकवला होता.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरची भवानी काळ्या पाषाणाची आहे. तिच्यापुढे लोळण घेणारेच घरी परतून सुनेसाठी ‘गोरी’ ही पहिली अट घालतात. १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाचे नाव २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. अट काही बदलली नाही.

आंतरजातीय विवाहातली मुले आता महाविद्यालयांत येऊ लागली आहेत. आई दलित आणि बाप सवर्ण असला की त्या मुलीचे मिश्रण रॅम्पवर जात नाही, जात पडताळणी समितीपुढे जाते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने, गुजरातमधील आदिवासी आईच्या मुलाच्या खटल्यात, सांगितले की अशा संततीची जात बापाचीच असे गृहीत धरता येते, पण ते गृहीतक अंतिम नाही. आपण आईच्या समाजात वाढलो, त्या समाजाचीच वंचना आणि अवहेलना आपल्याही वाट्याला आली, बाहेरच्यांनीही आपल्याला तसेच वागवले, हे पुराव्यानिशी दाखवण्याची मुभा त्या मुलाला आहे. निर्णय न्याय्य आहे. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बहुधा बापाची जात असते, आणि अवहेलनेचा दाखला कोणतीही कचेरी देत नाही.