साधने, सवड आणि कोसबाडची टेकडी

गुलाबी रंगाचे दहा लाकडी घन, त्यांतला सर्वांत लहान एक सेंटिमीटर भुजेचा आणि सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरांचा, उतरत्या क्रमाने एकावर एक रचले म्हणजे मॉंटेसोरी पद्धतीचा तो सुप्रसिद्ध मनोरा उभा राहतो. बालशिक्षणाच्या चळवळीची जुनी पुस्तके व मासिके जमवण्याचा नाद मला पुष्कळ वर्षांपासून आहे, आणि माझे कुतूहल प्रथमपासून या मनोऱ्याभोवतीच घुटमळत आले. ज्या देशात पोराला पाटी मिळण्याची मारामार, तेथे ही तंतोतंत मापाची साधने घडवावी कोणी आणि परवडावी कोणाला, हा प्रश्न आपल्याकडील बालशिक्षणाच्या प्रवर्तकांपुढे वर्षानुवर्षे उभा होता. परंतु कागदपत्रे जसजशी वाचत गेलो तसतसा साधनांचा हा वाद मागे पडत गेला, आणि त्याच्या आडून अधिक कठीण असा सवडीचा प्रश्न पुढे आला.

त्याचे मूळ रोममध्येच सापडते. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेंझो या मजूरवस्तीत मारिया मॉंटेसोरीबाईंचे पहिले बालगृह उघडले, ते काही शिक्षणशास्त्राच्या उमाळ्याने नव्हे. आईबाप दिवसभर कामावर, मुले मोकाट, आणि त्यांच्या हातून चाळींच्या भिंती व जिने विद्रूप होत असलेले पाहून मालकमंडळींनी मुलांना कोठे तरी अडकवून ठेवण्याची तजवीज केली, एवढाच तो व्यवहार होता. बाईंनी त्या व्यवहाराचे सोने केले हा त्यांच्या प्रतिभेचा भाग. पण बालगृह मुलांच्या राहत्या चाळीतच होते आणि ते आईबापांच्या सवडीच्या अभावातून जन्मले, या दोन गोष्टी पुढे जगभरच्या श्रीमंत शाळांनी सोयीस्करपणे विसरून टाकल्या.

पुढचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे, म्हणून तो घाईने उरकतो. पद्धतीच्या शुद्धतेची राखण करण्यासाठी १९२९ साली आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. गांधीजी १९३१ मध्ये लंडनला बाईंना भेटले, तेव्हा हे शिक्षण गरिबांच्या मुलांना कसे लाभेल, हीच त्यांची तळमळ होती. १९३९ च्या अखेरीस बाई मद्रासला आल्या, आणि इटली युद्धात उतरताच त्यांचे पुत्र मारिओ यांना इंग्रज सरकारने शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून आपल्या अहमदनगरास स्थानबद्ध केले. परंतु बाईंच्या आगमनाच्या कितीतरी आधी, १९२० सालीच, वकिली सोडून आलेल्या गिजुभाई बधेका यांनी भावनगर संस्थानात बालमंदिर उघडले होते, आणि १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईस आल्या आणि दादरच्या शिशुविहारात त्यांचा जम बसला. मात्र तेथवरचा सारा बालशिक्षणाचा संसार मध्यमवर्गाच्या ओसरीवरच मांडलेला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या आणि तेथे पुण्याच्या हुजूरपागेतली शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या अनुताई वाघ त्यांना मिळाल्या. बालवाडीची जागा, ताई, वेळापत्रक सर्व सिद्ध झाले. पण गावकुसाबाहेरच्या वस्तीतली मुले काही तेथवर येईनात. तेव्हा ताराबाईंनी जो निर्णय घेतला तो आज सोपा वाटतो, परंतु त्या काळच्या शिस्तप्रिय शिक्षणविश्वात तो धाडसाचाच होता: मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, आणि तेथे मुलांच्या सोयीने भरावे. मध्यवर्ती बालवाडीच्या जोडीला अंगणवाडी आली ती अशी. मुलांना न्हाऊमाखू घालणे, केस विंचरणे, नखे कापणे येथून दिवसाचा आरंभ होई, आणि साधने म्हणाल तर शंख, शिंपले, खडे, बिया, पाने, फुले आणि बांबूचे तुकडे.

सनातनी मॉंटेसोरीपंथीयांचा आक्षेप येथे विचारात घ्यावा लागतो, कारण तो पोकळ नाही. मनोऱ्याचा घन चुकीच्या जागी ठेवला तर मनोराच ती चूक दाखवतो, आणि दट्ट्यांच्या पेटीतला जाड दट्ट्या अरुंद भोकात शिरतच नाही. मोठ्या माणसाने टोकल्याशिवाय मूल स्वतःच सुधारते. शिंपल्यांच्या ओळीला ही शिस्त नसते. तेथे लहानमोठेपणाचा क्रम चुकला तर तो ध्यानात येण्यासाठी जवळ कोणी तरी डोळस माणूस हवे, आणि त्या माणसाला केव्हा बोलावे व केव्हा गप्प राहावे हे कळले पाहिजे. म्हणजे लाकडाचा खर्च वाचला खरा, पण तेवढा भार ताईच्या नजरेवर पडला. बोर्डीचा प्रयोग स्वस्त होता असे जे सर्रास म्हटले जाते ते मला म्हणूनच अर्धसत्य वाटते. त्यात लागणारे भांडवल वस्तूंतून माणसात गेले होते, आणि ताराबाईंनी शिक्षिकांच्या प्रशिक्षणावर जन्मभर एवढा भर दिला त्याचे इंगित हेच असावे.

याच १९४५ साली याच मुलखात आणखी एक घटना घडत होती, आणि बालशिक्षणाच्या पुस्तकांत तिला जागा सापडत नाही याचे मला नवल वाटते. उंबरगाव व डहाणू तालुक्यांतले वारली किसान सभेच्या झेंड्याखाली शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाने वेठबिगारीविरुद्ध उठले होते. १० ऑक्टोबरला तलवाड्यास गोळीबार होऊन पाच माणसे पडली. दोन्ही कार्यांच्या प्रेरणा व पंथ सर्वस्वी भिन्न, पण दोहोंच्या मुळाशी एकच वस्तुस्थिती होती. वारल्याचा दिवस त्याच्या मालकीचा नव्हता. बाप जमीनदाराच्या शेतावर, आई त्याच्या खळ्यावर, मग घरातली सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसणार आणि मुलगा गुरांमागे जाणार. या मुलांना शाळेची नावड होती असे नव्हे. त्यांचे बालपण आधीच कामाला लागले होते.

१९५७ मध्ये ताराबाईंची बोर्डीची संस्था कोसबाडच्या टेकडीवर आली, आणि या प्रश्नाला तेथे मिळालेले उत्तर मला सर्व गुलाबी मनोऱ्यांहून मोलाचे वाटते. संस्थेच्या तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराच्या आसऱ्याला आणली गेली, जेणेकरून मुलीने कडेवरचे भावंड पाळणाघरात सोपवावे आणि स्वतः वर्गात जाऊन बसावे. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत आहेत तोवर शिक्षक कुरणातच शिकवी. बालविवाहानंतर अल्पावधीतच वैधव्य आलेल्या, रात्रशाळेतून मॅट्रिक झालेल्या आणि १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, बी. ए. झालेल्या अनुताईंना, कामातून वेळ काढून शिकणे म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

ताराबाई १९७३ साली वारल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पसरली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, आरोग्य व आहारविषयक शिक्षण, आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिच्या माथी आल्या. उपाशी मूल शिकत नाही, तेव्हा आहाराचा अग्रक्रम योग्यच होता. परंतु शिजवलेला आहार मोजता येतो, दिलेली लस मोजता येते, बाळाचे वजन तक्त्यावर मांडता येते; शिंपल्यांची ओळ लावणाऱ्या मुलाकडे ताई किती वेळ पाहत बसली, याचा रकाना कोणत्याही सरकारी नमुन्यात नाही. जे दप्तरी दाखल होत नाही त्याची वरिष्ठ कचेरीतून विचारणा होत नाही, हा सरकारी शिरस्ता आहे, आणि या शिरस्त्यात सहावी सेवा सर्वांत दुबळी राहिली.

वेतनाऐवजी मानधनावर राबणाऱ्या अंगणवाडी सेविकेकडे आज हजेरीपट, आहाराचा साठा, लसीकरणाच्या नोंदी, सर्वेक्षणे आणि आता मोबाइलवरील माहिती भरणे ही सर्व कामे आहेत, आणि त्यातून उरलेल्या वेळात तिने बालमनाचा विकास करावा अशी अपेक्षा आहे. साधनांच्या तरतुदीविषयी बैठका होतात, खेळण्यांचे संच खरेदी होतात, आणि पुष्कळदा ते हरवतील या भीतीने कपाटात कुलूपबंद राहतात. कोसबाडने मुलांची सवड शोधून काढली. सेविकेची सवड शोधणे हे पुढचे काम होते, आणि ते राज्यकर्त्यांनी अद्याप हाती घेतलेले नाही. बालशिक्षणाचे कोणतेही नवे धोरण जाहीर झाले म्हणजे मी आता त्यातला साधनांचा परिच्छेद वाचत नाही. सेविकेच्या दिवसातले किती तास फक्त मुलांसाठी राखले आहेत, तेवढेच पाहतो.