नमुनापत्रांची तपासणी व प्रकाशन : एक भाषिक विचार

एकाच मजकुराचे पत्र अनेकांस पाठवावयाचे असता नाव, गाव, तारीख व रक्कम एवढेच बदलावे आणि बाकीचा मजकूर कायम ठेवावा, ही युक्ती नवी नव्हे. मध्ययुगीन गुजरातेतील ‘लेखपद्धति’ हा संस्कृत संग्रह अशाच लेखनमुन्यांचा आहे. आपल्याकडील दप्तरांतही कोणास कोणता मायना लिहावा याचे दंडक ठरलेले असत. आज हे काम संकेतस्थळामागील आशय-व्यवस्थापन प्रणालीकडे आले आहे. प्रणालीत नमुनापत्र एकदा लिहून ठेवावयाचे, बदलत्या तपशिलासाठी त्यात खुणेच्या जागा सोडावयाच्या, आणि अर्जदाराची नोंद हाती येताच प्रणालीने त्या भरून पत्र सिद्ध करावयाचे, अशी ही योजना आहे. खुणेच्या जागेस या टिपणात ‘रिक्तस्थान’ म्हटले आहे. असे नमुनापत्र प्रकाशनापूर्वी कसे तपासावे, आणि मराठी नमुन्यास इंग्रजी नमुन्याहून निराळी तपासणी का लागते, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

विषय वरवर किरकोळ वाटेल. पण तसा तो नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ७ (८) अन्वये अर्ज नाकारताना अर्जदारास तीन गोष्टी कळविणे बंधनकारक आहे : नाकारण्याची कारणे, अपील करण्याची मुदत आणि अपील प्राधिकाऱ्याचा तपशील. पहिले अपील सामान्यतः तीस दिवसांच्या आत करावयाचे असते. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाचे असे एक उत्तर प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आले. त्यात कारण होते, मुदत होती. मात्र “आपण यांच्याकडे अपील करू शकता” या वाक्यात ‘आपण’ व ‘यांच्याकडे’ यांच्यामध्ये काहीच नव्हते. रिक्तस्थान रिकामेच राहिले होते. हाताने लिहिलेल्या पत्रातील चूक एका अर्जदारापुरती असते; नमुन्यातील चूक तो नमुना मागे घेतला जाईपर्यंत प्रत्येकाच्या हाती पडते, आणि प्रत्येकाचे तीस दिवस त्याच वेळी सरत असतात.

आता भाषेचा प्रश्न. इंग्रजीत नामाचे रूप शब्दयोगाने बदलत नाही. गावाचे नाव मोकळ्या जागेत जसेच्या तसे घातले की वाक्य पुरे होते. मराठीत विभक्तिप्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. पुणे : पुण्यास, सातारा : साताऱ्यास, कोल्हापूर : कोल्हापुरास, रत्नागिरी : रत्नागिरीस. यांतील शेवटचे नाव तेवढे न बदलता प्रत्यय घेते. नमुन्यात रिक्तस्थानाला लागून ‘स’ किंवा ‘त’ लिहिणारा मसुदाकार बहुधा रत्नागिरीसारखे एखादे नाव डोळ्यांपुढे ठेवून लिहितो, आणि मग ‘सातारात’, ‘पुणेस’ अशी रूपे सहीशिक्क्यानिशी बाहेर पडतात. व्यक्तिनामांची गत हीच.

यावरील उपाय जुन्या मायन्यातच आहे, हे ध्यानात आल्यावर प्रस्तुत लेखकास नवल वाटले. ‘राजश्री अमुक गोसावी यांसी’ या रचनेत नाव मूळ रूपातच राहते आणि विभक्तीचा सारा भार ‘यांसी’ हे सर्वनाम उचलते. आजचे ‘यांस’, ‘यांना’, ‘यांचे’, आणि स्थलनामांपुढील ‘येथे’, ‘येथील’ हे शब्द तेच काम करतात. ‘सातारा येथील कार्यालयात’ ही रचना कोणत्याही गावास चालते. या शब्दांस कचेरीची बोजड भाषा म्हणून नावे ठेवण्याची रीत आहे, आणि ललित लेखनापुरती ती रास्तही असेल. परंतु जेथे नाव आगाऊ ठाऊक नाही तेथे ‘यांस’ व ‘येथील’ ही व्याकरणाची गरज आहे. म्हणून तपासनिसाचा पहिला नियम असा की, रिक्तस्थानास कोणताही प्रत्यय चिकटलेला नसावा.

लिंग व वचन यांची अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘आपण अर्ज केला’ येथे क्रियापद ‘अर्ज’ या कर्माप्रमाणे चालते, म्हणून अर्जदार स्त्री असो वा पुरुष, बाधा येत नाही. पण ‘आपला पाल्य गैरहजर होता’ म्हणताच मुलीच्या पालकास चुकीचे पत्र जाते. ‘आपला/आपली’, ‘होता/होती’ अशा तिरप्या रेघा घालणे हा उपाय नव्हे. त्या वाचणाऱ्यास आपण कोणाच्या खिजगणतीत नसल्याचे जाणवते. ‘आपल्या पाल्याची अनुपस्थिती नोंदली गेली आहे’ असे लिहिले की प्रश्नच उरत नाही. संख्येचेही तसेच आहे : ‘१ प्रती जोडल्या आहेत’ हे वाक्य टाळावयाचे तर ‘जोडलेल्या प्रतींची संख्या : १’ असे लिहावे.

प्रकाशनाच्या पायऱ्या सर्वत्र जवळपास सारख्या असतात : मसुदा, तपासणी, मान्यता, प्रकाशन. कचेरीतील टिप्पणीचा प्रवास ज्यांनी पाहिला आहे त्यांस हे नवे वाटणार नाही. वर्डप्रेस या प्रचलित प्रणालीत केवळ लेखनाचा अधिकार असलेला सदस्य मसुदा तपासणीसाठी पुढे ठेवू शकतो, प्रकाशित करू शकत नाही. मात्र तेथे एक सावधगिरी हवी. आधीच प्रकाशित असलेल्या मजकुरात संपादकाने बदल करून तो जतन केला की, मूळ व्यवस्थेत तो तत्काळ प्रकट होतो. मधली तपासणी उरत नाही. ड्रुपल या प्रणालीत २०१८ च्या ८.५ या आवृत्तीपासून स्थिरावलेल्या नियंत्रण-सुविधेमुळे जुना मजकूर प्रकाशित ठेवून नव्याचा मसुदा बाजूस तपासता येतो. नमुनापत्रांसाठी ही दुसरी रीत श्रेयस्कर, कारण नमुन्यात दुरुस्ती चालू असतानाही पत्रे निघतच असतात.

तपासणी म्हणजे नमुना वाचून पाहणे नव्हे, हे आग्रहाने सांगितले पाहिजे. नमुन्यात रिक्तस्थानाच्या जागी ‘अपील प्राधिकारी’ असे त्याचे लेबल दिसते, वाक्य पूर्ण भासते आणि तपासनीस संतुष्ट होतो. वर सांगितलेल्या पत्राचे असेच झाले असावे. म्हणून नमुना भरून पाहावा, आणि तोही मुद्दाम अवघड नोंदींनी : आडनाव नसलेली व्यक्ती, ‘सातारा’सारखे आकारान्त गाव, संख्या एक, आणि मुख्य म्हणजे एखादा तपशील कोराच असलेली नोंद. कोऱ्या नोंदीवर प्रणालीने पत्र अडवून ठेवले पाहिजे. ज्या रिक्तस्थानावाचून पत्रास कायदेशीर अर्थ राहत नाही त्यास ‘अनिवार्य’ अशी खूण करण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते. ती वापरली जात नाही, ही गोष्ट निराळी.

लिपीकडेही पाहावे लागते. युनिकोडपूर्व काळातील टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. तसला जुना मजकूर प्रणालीत उतरविला की निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. ‘साताऱ्यास’मधील अर्धा ऱ संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठविला जातो, डोळ्यांस भेद दिसत नाही, पण शोध घेताना एक रूप दुसऱ्यास जुळत नाही. अंकांचा घोळ नित्याचा : मराठीसाठी प्रणाली तारीख आपोआप देवनागरी अंकांत लिहिते आणि मसुदाकाराने हाताने घातलेली रक्कम रोमन अंकांत राहते.

एक गोष्ट उरते. गाव नमुना सात व बारा ही नावे लोकांच्या तोंडी ‘सातबारा’ म्हणून रुळली, ती छापील नमुन्यावर क्रमांक असे म्हणून. प्रणालीतील नमुनापत्रासही क्रमांक व आवृत्ती द्यावी आणि ती निघणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी छापावी. चुकीचा नमुना सापडल्यास तो पुसून न टाकता केवळ मागे घ्यावा. त्या आवृत्तीची पत्रे कोणाकोणास गेली ते आवक-जावक नोंदीवरून काढता येते, आणि त्यांस दुरुस्त पत्र नव्या तारखेने धाडता येते.