तापत्या हवेचा घरगुती हिशेब

दरवर्षी ५ जूनला, म्हणजे जागतिक पर्यावरणदिनी, बहुतेक महाविद्यालयांतून वृक्षारोपणाचा समारंभ होतो. प्रमुख पाहुणे येतात, राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक ओळीने उभे राहतात, रोपाला झारीने पाणी घातले जाते आणि छायाचित्र निघते. खड्डे पुष्कळदा गतवर्षीचेच असतात, ही गोष्ट सोडून देऊ. झाडे लावू नयेत असे कोणीच म्हणणार नाही. परंतु समारंभ आटोपल्यावर त्याच आवारातून तीस-चाळीस मोटारसायकली एकदम सुरू होतात, तेव्हा निदान विज्ञानाच्या विद्यार्थ्याला तरी एक प्रश्न पडायला हवा. ते रोप आणि ही मोटारसायकल यांचा ताळमेळ कसा काय बसतो? हा प्रश्न भावनेचा नसून बेरीज-वजाबाकीचा आहे, आणि ती बेरीज-वजाबाकी आपल्यापैकी फार थोडे लोक करतात.

आधी मूळ गोष्ट थोडक्यात पाहू. सूर्यापासून मिळालेली उष्णता पृथ्वी अवरक्त किरणांच्या रूपाने पुन्हा अवकाशात सोडत असते. हवेतील कार्बन डायऑक्साइड (यापुढे आपण त्याला नुसते कर्बवायू म्हणू) या किरणांचा काही भाग अडवून धरतो. हवेतील कर्बवायू दुप्पट झाला तर तपमान किती वाढेल, याचे गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते आऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच मांडले होते. तेव्हा ही काल-परवा निघालेली टूम नव्हे. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग असत. १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. २०२४ हे साल यंत्रयुगापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक उष्ण गेले.

दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि मग पाऊस पडतो तेव्हा तो कोसळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय या नद्यांनी आपल्या बेळगाव जिल्ह्यात काय केले ते येथील वाचकांना सांगायला नको. पुढे चारच वर्षांनी, २०२३ साली, कर्नाटकातील बहुतेक तालुके दुष्काळी म्हणून जाहीर झाले. कोणत्याही एका पुराकडे किंवा एका दुष्काळाकडे बोट दाखवून 'हा हवामानबदलामुळेच' असे म्हणता येत नाही. परंतु तापत्या हवेत अतिवृष्टीचे प्रसंग वाढतात, एवढे मात्र निश्चित.

आता त्या रोपाकडे वळू. झाड कर्बवायू घेते आणि त्यातील कर्ब आपल्या लाकडात साठवते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कर्ब असतो. समजा, एखादे चांगले जगलेले झाड वर्षाला १० किलो सुके लाकूड धरते. म्हणजे ५ किलो कर्ब झाला. कर्बाचा अणुभार १२ आणि कर्बवायूचा रेणुभार ४४, तेव्हा ५ ला ४४ ने गुणून १२ ने भागले की उत्तर येते सुमारे १८ किलो कर्बवायू. हे जगलेल्या, वाढलेल्या झाडाचे झाले. उन्हाळ्यात पाण्यावाचून वाळलेल्या रोपाचे उत्तर शून्य.

आणि मोटारसायकल? एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कर्बवायू तयार होतो. येथे विद्यार्थी नेहमी अडखळतात. लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोसुद्धा नाही, मग त्यातून सव्वादोन किलोंहून अधिक वायू निघेल कसा? उत्तर सोपे आहे. पेट्रोलमधील कर्ब जळताना हवेतला प्राणवायू स्वतःला जोडून घेतो, आणि कर्बवायूच्या वजनाचा मोठा हिस्सा या प्राणवायूचाच असतो. आता एखादा विद्यार्थी रोज येऊन-जाऊन २० किलोमीटर गाडी चालवतो, गाडी लिटरला ५० किलोमीटर धावते आणि वर्षाचे २५० दिवस तो येतो असे धरू. शंभर लिटर पेट्रोल आणि २३० किलो कर्बवायू. या एका गाडीचा वर्षाचा धूर शोषायला तेरा झाडे हवीत, तीही सगळी जगलेली. वृक्षारोपणाच्या दिवशी तेरा रोपे लावणारा विद्यार्थी निदान माझ्या पाहण्यात नाही.

यावर उपाय म्हणून बसने या, असे सांगणे फार सोपे आहे. तेव्हा तोही हिशेब पाहू. डिझेलची बस लिटरला चार-पाच किलोमीटर धावते आणि एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो कर्बवायू निघतो. पन्नास प्रवासी असतील तर माणशी किलोमीटरला बारा ग्रॅम पडतात. बस निम्मी रिकामी असेल तर चोवीस. एकट्याने चालवलेल्या मोटारसायकलीचे ४६ ग्रॅम होतात. मागे मित्राला बसवले की माणशी २३, म्हणजे निम्म्या रिकाम्या बसएवढेच! तेव्हा डबलसीट येणाऱ्यांनी स्वतःला फारसे अपराधी समजण्याचे कारण नाही. मोटारीतून एकटे येणाऱ्यांचे मात्र किलोमीटरला दीडशे ग्रॅम होतात, आणि येथे मी आम्हां प्राध्यापक मंडळींकडे पाहून बोलत आहे. परिसंवादासाठी विमानाने एकदा दिल्लीला जाऊन आलो की एका फेरीत पाव टनाहून अधिक कर्बवायू आपल्या नावावर लागतो. विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या मोटारसायकलीइतका. तेव्हा पर्यावरणावरील परिसंवादाला विमानाने जाताना तरी थोडा विचार व्हावा.

बसबद्दल आणखी एक सांगायचे, ते म्हणजे बस तशीही जाणारच असते. आपण तिच्यात चढल्याने तिचे डिझेल जवळजवळ वाढत नाही. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्यातील स्त्रियांना साध्या बसचा प्रवास विनामूल्य झाला. महाराष्ट्राने त्याच वर्षी मार्चपासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे केले. खानापूरहून येणारी मुलगी आणि चंदगडहून येणारी मुलगी यांच्या तिकिटांत यामुळे फरक पडला खरा, पण दोघींना सोयीची वाट बसचीच झाली. तरी मुलगे मोटारसायकलच का घेतात? पहिल्या तासाला पोहोचवणारी बस नाही, किंवा आहे ती भरून येते आणि थांब्यावर थांबत नाही, म्हणून. अशा ठिकाणी 'वैयक्तिक सवय बदला' हा उपदेश अर्धवट ठरतो. पन्नास विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज घेऊन आगारप्रमुखांकडे जाणे आणि सकाळची एक जादा फेरी मागणे, हेही माझ्या मते रोजच्या जीवनातले पर्यावरणकार्यच आहे. त्याचे छायाचित्र मात्र चांगले येत नाही.

आता घरात येऊ. घरात विजेची काटकसर म्हटली की आपले लक्ष दिव्याकडे जाते. 'खोलीतला दिवा चालू का ठेवलास?' हे वाक्य प्रत्येक मराठी घरात ऐकू येते, आणि कन्नड घरातही येत असणार. परंतु दिवा हा आता मोठा गुन्हेगार राहिलेला नाही. खरा खर्च न्हाणीघरात आहे. वीस लिटरची एक बादली २२ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवायची तर ४०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे वाया जाणारी उष्णता धरून बादलीमागे अर्धे युनिट झाले. या अर्ध्या युनिटात जुना ६० वॅटचा दिवा आठ तास आणि आजचा ९ वॅटचा एल.ई.डी. दिवा पंचावन्न तास जळतो. मोबाइल तर वीस वेळा भरेल. आणि सर्वांत नवलाची गोष्ट अशी की पंपाची तूट धरूनही एवढ्याच विजेत एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवता येते! पाणी उचलण्यापेक्षा ते तापवणे किती महाग आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्या देशात एक युनिट विजेमागे सरासरी ७०० ग्रॅम कर्बवायू निघतो, कारण बरीचशी वीज कोळशातून येते. आमची वीज शरावतीची, असे काहीजण अभिमानाने म्हणतात. पण २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचे जाळे देशाच्या जाळ्याला जोडले गेले. आपल्या नळीत कोणाची वीज आली हे आता ओळखता येत नाही. तेव्हा एक बादली म्हणजे साडेतीनशे ग्रॅम. चार माणसांच्या घरात वर्षातील तीनशे दिवस प्रत्येकी एक बादली धरली तर चारशे किलोंच्या वर जाते.

तेच पाणी स्वयंपाकाच्या गॅसवर तापवले तर साधारण निम्मा कर्बवायू निघतो. कोळशाच्या केंद्रात सुमारे दोनतृतीयांश उष्णता वाया जाऊन उरलेल्याची वीज होते, आणि आपण तिची पुन्हा उष्णताच करतो. हा द्राविडी प्राणायाम गॅसच्या बाबतीत टळतो. (गॅसचा गीझर मात्र खिडकी नसलेल्या न्हाणीघरात कदापि नको. कार्बन मोनॉक्साइडने माणसे बेशुद्ध होऊन मरण पावतात.) छपरावरचा सौर बंब लावला तर उन्हाच्या दिवसांत हिशेबच मिटतो, आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र त्याच्यावर भिस्त ठेवू नये. आणि ज्यांना यांपैकी काहीच शक्य नाही त्यांनी गीझर अंघोळीच्या आधी लावून लगेच बंद करावा. मार्च-एप्रिलमध्ये थंड पाण्याने अंघोळ केल्यास कोणाचे काही बिघडत नाही.

कर्नाटकात गृहज्योती योजना आल्यापासून, म्हणजे जुलै २०२३ पासून, ठरावीक मर्यादेत वीज वापरणाऱ्या घरांचे बिल शून्यावर आले. गरीब घराला तो मोठाच आधार आहे. पण शून्याचे बिल कोणी वाचत नाही, ही त्याची दुसरी बाजू. बिलावर युनिटे छापलेली असतातच. कन्नड वाचता येत नसेल तर वर्गातल्या कन्नड मित्राकडून वाचून घ्यावे. या अंकाचे दोन्ही विभाग त्या निमित्ताने एकत्र बसतील.

येथे एक आक्षेप येतो आणि तो खोडून काढण्याजोगा नाही. भारतातील माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायू निघतो, अमेरिकेत सुमारे चौदा टन. मग काटकसरीचा उपदेश आम्हांलाच का? खरे आहे, हवेत साचलेल्या कर्बवायूचा मोठा वाटा श्रीमंत देशांचा आहे आणि जबाबदारीही त्यांचीच मोठी. पण दोन टन ही सरासरी आहे. तीत डोंगरातून मोळी आणणारी बाई आहे आणि दारात दोन मोटारी व घरात तीन वातानुकूलन यंत्रे असलेला गृहस्थही आहे. हा गृहस्थ जागतिक परिषदेत त्या बाईच्या आड उभा राहतो आणि स्वतःचा वापर तिच्या नावावर खपवतो, हे मला पटत नाही. आपण महाविद्यालयात शिकणारे आणि शिकवणारे लोक या दोघांपैकी कोणाच्या जवळ आहोत, ते ज्याने त्याने पाहावे.

काही गोष्टींचा कर्बवायूशी संबंध थोडा असूनही त्यांचा गाजावाजा फार होतो. बाजाराला कापडी पिशवी जरूर न्यावी, पण ती गटारे तुंबू नयेत आणि गायीच्या पोटात प्लॅस्टिक जाऊ नये म्हणून. पाच ग्रॅमच्या पिशवीने हवा फारशी तापत नाही. मोबाइलचा चार्जर काढून ठेवणे हेही तसेच. करावे, पण त्याने प्रायश्चित्त झाले असे मानून गाडीला किक मारू नये.

अन्नाचे तसे नाही. वसतिगृहाच्या खानावळीत टाकलेला भात कचरा डेपोत हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. वजनास वजन धरले तर हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या अठ्ठावीस पट तापवतो. शिवाय पाणी साचलेल्या भातशेतातूनही मिथेन निघतोच, म्हणजे टाकलेला भात दोनदा तापवतो. गुराढोरांच्या रवंथातूनही तो येतो. म्हणून बेळगावकरांनी कुंदा सोडावा, असे सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही. पानात हवे तेवढेच घ्यावे, आणि उरलेसुरले आवारातच खड्डा करून पालापाचोळ्यात मिसळावे, अधूनमधून वरखाली करावे. हवा खेळती राहिली की मिथेन बहुतांशी टळतो. झाडांना खत मिळते ते वेगळेच.

शेवटी पंख्यांविषयी. बेळगाव एकेकाळी गरिबांचे महाबळेश्वर म्हणून ओळखले जाई. आता वर्गात पंख्याशिवाय बसवत नाही. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नवा बी.एल.डी.सी. जातीचा सुमारे ३० वॅट. एखाद्या महाविद्यालयात दोनशे पंखे असतील, ते दिवसाला सहा तास, वर्षाला दोनशे दिवस फिरत असतील, तर पंखे बदलल्याने वर्षाला सुमारे १०,८०० युनिटे वाचतात. त्याचा कर्बवायू साडेसात टन होतो, म्हणजे तेहतीस-चौतीस मोटारसायकलींचा वर्षाचा धूर. सगळे पंखे एकदम बदलायला पैसा लागतो. पण जळालेला पंखा दुरुस्तीला पाठवताना त्याच्या जागी नवा जातिवंत घ्यावा, एवढा ठराव विद्यार्थी संसद करू शकते. अर्जासोबत आकडे हवेत. त्यासाठी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील वॅटमापक घ्यावा आणि प्रत्येक वर्गातला एकेक पंखा मोजून तक्ता तयार करावा. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे काम दोन शनिवारांत उरकता येईल.